लिंबावरून दोन फूट

गिरीज गावात माझ्या मामाच्या वाडीत, विहीर आणि केळीची बाग यांच्या मधल्या जागेत, एक लाल जपानी स्पोर्ट्स कार उभी असते. हे वाक्य मी आजवर बऱ्याच लग्नांत, बारशांत आणि शिक्षकांच्या सहलींत म्हणून पाहिलं आहे. ऐकणारा आधी हसतो, मग माझ्या नवऱ्याकडे बघतो. नवरा गंभीरपणे मान डोलावतो. बावीस वर्षांच्या संसारात माझ्या बोलण्याला त्याने चारचौघांत दुजोरा दिल्याचं मला आठवणारं हे एकच उदाहरण.

मामा बोटीवर इंजिन रूममध्ये होता. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी बोट कायमची सोडून घरी येताना बरोबरीच्या लोकांनी टीव्ही आणले, टेपरेकॉर्डर आणले, मामाने ही आणली. दोन दारांची, जमिनीला चिकटून बसलेली, बटण दाबलं की बेडकाच्या डोळ्यांसारखे दिवे वर काढणारी. मामी अजूनही सांगते, "मी कपबशांचा सेट सांगितला होता."

या गाडीचं इंजिन रोटरी आहे. तुमच्या-आमच्या गाड्यांत पिस्टन वरखाली धावतात. हिच्यात पिस्टनच नाहीत. पोट फुगलेल्या समोशासारखे दोन त्रिकोणी लोखंडी तुकडे आपापल्या डब्यात गोल गोल फिरतात आणि त्यावर गाडी चालते. मामा हे समजावताना चष्म्याचं घर आणि समोर असेल तो खाण्याचा पदार्थ वापरतो. एका वर्षी गौरीच्या नैवेद्याची करंजी या कामी आली होती आणि मामी त्याच्याशी दोन दिवस बोलली नव्हती.

तर हे त्रिकोण पेट्रोलच्या बाबतीत फार नाजूक. गाडी जुनी, कार्बुरेटरची. पेडल एकदा दाबलं की पेट्रोलची एक पिचकारी आत जाते. थंड असताना एक पिचकारी तिला हवीच असते. दुसरी ती सोसते. तिसरीला बिघडते. आतले स्पार्क प्लग ओले होतात, भिंतींवरचं तेल धुऊन जातं आणि मग किल्ली कितीही फिरवा, ती नुसती घरघरते. याला मामा 'बुडाली' म्हणतो. बोटीवरचा माणूस, त्याला दुसरा कुठला शब्द सुचणार.

मामा घरात आमच्या बोलीत बोलतो, पण गाडीचा विषय निघाला की एकदम छापील मराठीवर येतो. "चोक ओढायचा. पेडल एकदाच, अर्ध्यापर्यंत, सावकाश दाबायचे आणि सोडायचे. पाय काढून घ्यायचा. मगच किल्ली. पेडलला हुकूम करायचा नाही, विनंती करायची." हे मी लहानपणापासून ऐकत आले. गाडीला हात लावायची परवानगी मात्र वयाच्या एकावन्नाव्या वर्षी मिळाली, आणि तीही मामाच्या उजव्या पायाला काही झालं म्हणून.

डॉक्टरांनी मेंदूतली एक बारीक नस सांगितली. बोलणं ठीक, हात ठीक, काठी घेऊन चालणंही ठीक. फक्त उजव्या तळव्याला कळेनासं झालं की आपण कशावर टेकलो आहोत. चालताना चप्पल सुटली तरी मामाला पत्ता नसायचा. चार पावलं पुढे गेल्यावर मागून मामी ती हातात घेऊन यायची.

आणि गेल्या श्रावणात, मामी देवळात गेली आहे हे बघून, तो गाडीत बसला. गाडी सुरूही केली. पण ती मागे-पुढे करताना पाय पेडलवर किती रुतलाय हे पायाने त्याला सांगितलंच नाही. मामी परत आली तेव्हा तीन केळी आडव्या झाल्या होत्या, गाडीचं नाक विहिरीच्या कठड्यापासून वीतभर लांब होतं आणि मामा स्टिअरिंग धरून बसला होता. वायपर चालू होते. पाऊस नव्हता.

मामीने आवाज चढवला नाही. तिने आधी वायपर बंद करायला लावले, मग मामाला हाताला धरून ओटीवर आणून बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "अहो, तुमचा पाय यापुढे त्या पेडलवर पडायचा नाही. दुसऱ्या कुणाच्या पायाने सुरू होत असेल तर राहू दे गाडी. नाहीतर ज्याला हवी त्याला द्या. मला रोज येऊन विहिरीत डोकवायला लावू नका."

मामाची मुलगी कॅनडात. तिने फोनवर "बाबा, विका ना आता" म्हटलं. जुन्या गाड्या जमवणारा पुण्याचा एक गृहस्थ कित्येक वर्षं दर दिवाळीला फोन करून या गाडीची चौकशी करायचा. मामाने आपण होऊन त्याला फोन लावला. दसरा हा मुहूर्ताचा दिवस, दुपारी चारला येतो, असं त्याने सांगितलं. फोन ठेवून मामा अंगणात गेला, गाडीवरचं कापड काढलं, घडी घातली, उलगडलं आणि पुन्हा गाडीवर घातलं. मग मला फोन केला.

"बाय, तुझा उजवा पाय कसा आहे?"

मी विरारला राहते, स्कूटरवर अर्ध्या तासाच्या अंतरावर. शाळेत शिकवते, स्नेहसंमेलनाची नाटकं बसवते. पाय शाबूत होता. तरी तो या कामाला अगदीच नालायक निघेल हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझी सगळी हयात स्कूटरवर गेलेली. किक मारायच्या आधी मुठीला दोन पिळे द्यायचे, किक मारताना तिसरा, सुरू झाली की आनंदाने चौथा. ही सवय हातातून पायात कधी उतरली कळलं नाही. पहिल्या रविवारी मामाने "एकदा दाब" म्हटलं आणि मी, तो सांगतो त्याप्रमाणे, तबला वाजवला.

त्यानंतर मला गाडीतून उतरवण्यात आलं आणि केळ्यांवर बसवण्यात आलं.

म्हणजे खुर्चीत बसायचं, पायापुढे एक पिकलेलं वेलची केळं ठेवायचं, टाच जमिनीला टेकवून चवड्याने ते अर्धं दाबायचं आणि सोडायचं. साल फाटता कामा नये. वेलची केळ्याची साल किती पातळ असते हे खाणाऱ्याला कळत नाही. काठी मांडीवर आडवी घेऊन मामा समोर बसायचा आणि फाटलेलं केळं कोंबड्यांकडे भिरकावून पुढचं ठेवायचा. न फाटलेल्यांचं शिकरण व्हायचं. त्यामुळे माझी प्रगती जेवणाच्या पानात दिसायची. पहिले दोन रविवार पूर्णपणे कोंबड्यांचे गेले. तिसऱ्या रविवारी वाटीभर शिकरण झालं आणि ते तिघांनी वाटून खाल्लं. माझा नवरा चौथ्या रविवारी आला होता. शिकरण छान झालंय म्हणून त्याने दोनदा मागून घेतलं. त्याला कृती मी अजून सांगितलेली नाही.

मामी हे सगळं ओटीवरून बघायची. ओटीच्या कोपऱ्यात तिचं शिवणयंत्र आहे, पायाने चालवायचं. गावातली निम्मी परकर-पोलकी आणि चर्चमधल्या पोरींचे पहिल्या कम्युनियनचे पांढरे झगे तिच्या पायाखालून गेलेत. आता ती फक्त घरचं काहीबाही शिवते. यंत्र थांबवून ती माझ्याकडे बघायची, "हिचा पाय नाचतो" एवढंच म्हणायची आणि पुन्हा चालू करायची.

पाचव्या रविवारी मला गाडीत बसू दिलं. मामा खिडकीत वाकून एकेक शब्द सांगत होता: चोक, पेडल, सोड, किल्ली. गाडी सुरू झाली. आधी पप-पप-पप करत अडखळली, मग हळूहळू एका सुरात घुमायला लागली. मामाने डोळे मिटले. मी ओटीकडे पाहिलं.

"तुम्ही सांगताय म्हणून होतेय," मामी म्हणाली. "तुम्ही नसताना कोण सांगणार? दसऱ्याला पूजेच्या वेळी तिने एकटीने सुरू करून दाखवावी. तुम्ही आत बसायचं. तोंडातून शब्द नको."

मामाने ते मान्य केलं. त्या दिवशी जाता जाता त्याने मला आणखी एक नियम सांगितला. खरं तर तो दर रविवारी सांगायचा, पण त्या वेळी आतून जेवणाचा वास येत असायचा आणि माझं लक्ष तिकडे असायचं. नियम असा होता की गाडी एकदा सुरू केली की पूर्ण गरम होईपर्यंत बंद करायची नाही. मी "हो, हो" म्हटलं होतं.

दसऱ्याला सकाळी मी नवी साडी नेसून हजर झाले. अंगणात रांगोळी, गाडीच्या नाकावर झेंडूची माळ, काचेवर कुंकवाचं बोट. शेजारच्या भाजीच्या वाडीवाल्याने झेंडू दिले होते. हा ख्रिस्ती शेजारी मामाच्या पन्नास वर्षांच्या मैत्रीतला, धिप्पाड, रोज सकाळी टेम्पो घेऊन भाजी पोचवायला जाणारा. तोही कुंपणापाशी उभा राहिला.

"माझा टेम्पो शिव्या घातल्या तरी चालू होतो, वहिनी," तो म्हणाला. "हिला आरती लागते."

"टेम्पोला पण ओवाळते, आणा इकडे," मामी म्हणाली.

मामा आत देवघरात बसला होता. त्याला उठायची बंदी होती. मामीने गाडीला ओवाळलं, नारळ फोडला आणि चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. आमच्याकडे गाडीची पूजा झाली की ती लिंबावरून पुढे घ्यायची असते, स्कूटर असो की ट्रक. लिंबू चिरडलं की पूजा पुरी.

मी बसले. चोक. पेडल एकदाच, अर्ध्यापर्यंत, केळ्यासारखं. सोडलं. पाय काढला. किल्ली. आणि ती पहिल्याच फटक्यात सुरू झाली. मला इतका आनंद झाला की मी खिडकीतून हात काढून हलवला, बघायला दोनच माणसं होती तरी. मग गिअर टाकला आणि गाडी दोन फूट पुढे घेतली. चारही लिंबं एकापाठोपाठ एक फुटली. शेजाऱ्याने टाळ्या वाजवल्या.

"झालं," मामी म्हणाली. "बंद कर आता, धुराने माळ काळी होतेय."

आणि मी, आज्ञाधारक भाची, गाडी बंद केली. उतरले. गाडीला नमस्कार केला. मामीला नमस्कार केला. शेजाऱ्यालाही करणार होते.

मामा दारात आला तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता. त्याने आवाज ऐकला होता. मग तो थांबला, कान देऊन, आणि चेहरा हळूहळू विझला.

"किती पुढे गेली?"

"दोन फूट."

"मग?"

"मग बंद केली."

मामा पायरीवर खाली बसला. रागावला नाही, आणि तेच जास्त लागलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दर दसऱ्याला मामा लिंबं चिरडून तसाच गाडी बाहेर काढायचा आणि पलीकडच्या निर्मळ गावापर्यंत चक्कर मारून यायचा. आम्हा मुलांना वाटायचं, हौस. मामीला वाटायचं, मिरवायला जातो. चाळीस वर्षं तो फक्त तिला गरम करायला जात होता.

"थंड इंजिनात चोक ओढलेला असतो," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "आत पेट्रोल जास्तच असते. ते जळून जायच्या आत तू बंद केलेस. बुडाली ती."

मी पळत गाडीत बसले, किल्ली फिरवली. घरघर. पुन्हा फिरवली आणि घाबरून, सगळी केळी विसरून, पेडलवर पाच-सहा वेळा नाचले. आता उरलंसुरलं पेट्रोलही आत गेलं. अंगणभर वास सुटला.

मामी पदराला हात पुसत जवळ आली. "एकदाच सुरू होणार असेल तर तिला काय अर्थ आहे? चार वाजता तो माणूस येणार. तोवर आपल्यापैकी कुणी सुरू केली तर ठीक. नाहीतर मी बोलले ते बोलले."

अकरा वाजले होते.

त्यानंतर मी जे केलं ते नव्या साडीत करण्यासारखं नव्हतं. मामा काठीने दाखवत गेला आणि मी पान्याने चार प्लग काढले. ते पेट्रोलने निथळत होते. ते पुसून अंगणात हवेवर ठेवले, मग मामाच्या सांगण्यावरून आत नेऊन मामीच्या तव्यावर भाजायला घातले. मामीने पुऱ्यांची कढई बाजूला सरकवून जागा दिली.

"हा तवा आता तुमच्या गाडीचा," ती मामाला म्हणाली. "माझ्या भाकऱ्या याच्यावर होणार नाहीत."

प्लग भाजून निघेपर्यंत आम्ही जेवलो. श्रीखंड-पुरी होती आणि मामाने एकच पुरी खाल्ली. मग प्लगच्या भोकांतून इंजिन ऑइलचे चार-चार थेंब आत सोडले, धुतलं गेलेलं तेल परत यावं म्हणून, आणि प्लग बसवले.

"आता ऐक," मामा म्हणाला. "आता विनंती नाही. चोक आत ढकलायचा. पेडल पूर्ण खाली, अगदी तळाला, आणि तिथेच धरायचे. मी सांगेपर्यंत अजिबात हलवायचे नाही. हलवलेस की नवी पिचकारी. धरून ठेवलेस की फक्त हवा आत जाईल आणि आतले ओले वाळेल. दहा आकडे मोजेपर्यंत किल्ली फिरव, थांब, पुन्हा फिरव."

इतके दिवस मला सावकाश दाबायला शिकवलं होतं. आता पूर्ण दाबून स्वस्थ राहायचं होतं. माझ्या पायाला सगळं जमतं, स्वस्थ राहणं जमत नाही. मी पाय तळाला नेला, किल्ली फिरवली, आणि सहाव्या आकड्याला इंजिनाने जरासं फुर्र केलं की माझा पाय आनंदाने वर-खाली.

"हललीस," मामा म्हणाला.

दुसऱ्यांदा हलले. तिसऱ्यांदा हलले. चौथ्या वेळी बॅटरीच बसली.

शेजारी घरी जाऊन आपला टेम्पो घेऊन आला. गाड्या नाकाला नाक लावून उभ्या केल्या आणि टेम्पोच्या बॅटरीवरून वायरी जोडल्या. वायरीचे दोन चिमटे सैल होते, दाबून धरल्याशिवाय वीज पोचेना. एक शेजाऱ्याने धरला. दुसरा मामा धरायला गेला, पण काठी सोडली की त्याचा तोल जायचा. म्हणून तो मी धरला. पावणेचार झाले होते. आम्ही तिघं बोनेटभोवती उभे, आणि ड्रायव्हरची सीट रिकामी.

मामा सीटकडे बघत होता. मामी मामाकडे बघत होती.

"तुम्ही नाही," ती म्हणाली.

"मी नाही," मामा म्हणाला.

मग मामी गाडीकडे आली. दाराशी तिने चपला काढल्या, घराच्या उंबऱ्याशी काढतो तशा, आणि जोडून बाजूला ठेवल्या. चाळीस वर्षांत ती मामाच्या बाजूच्या सीटवर शेकडो वेळा बसली असेल, या सीटवर पहिल्यांदाच. पदर खोचला. अनवाणी पाय पेडलवर ठेवला, जरासा पुढे सरकवला, पुन्हा मागे घेतला, जागा सापडेपर्यंत.

मामाने तोंड उघडलं.

"तुम्ही बोलू नका," मामी म्हणाली. "पूर्ण खाली, आणि हलवायचा नाही. एवढंच ना?"

"एवढेच."

तिने किल्ली फिरवली. ती मोठ्याने मोजत होती, मुली दोरीउड्या मोजतात तशी. दहा. थांबली. पुन्हा दहा. दुसऱ्या खेपेला सातव्या आकड्याला आत काहीतरी फट्कन वाजलं. मी दचकले, चिमटा सुटता सुटता राहिला. शेजारी "अरे" म्हणाला. कोंबड्या पळाल्या. मामीचा पाय तसाच. शिवताना सुई कापडात असताना कुणी हाक मारली तर ती जशी "ओ" देते पण पाय ढळू देत नाही, तसाच.

तिसऱ्या खेपेला फट्, फट्, मग एक लांब गुरगुर.

"आता सोड," मामा अगदी हळू म्हणाला, "सावकाश."

ती शब्द संपायच्या आधीच सोडायला लागली होती, झग्याच्या गळ्याला वळण घेताना यंत्र हळू करते तशी, जराजरासं. आणि गाडी सुरू झाली. पांढरा धूर असा निघाला की केळी दिसेनात, टेम्पो दिसेना, शेजारी दिसेना, नुसता त्याचा खोकला ऐकू येत होता.

त्या धुरात फाटकाकडून एक आवाज आला, "इथे काही पेटलंय का?"

पुण्याचे गृहस्थ वेळेवर आले होते. धूर ओसरल्यावर त्यांना जे दिसलं ते मी कुठल्याच स्नेहसंमेलनात बसवू शकणार नाही. ग्रीस लागलेल्या पैठणीत मी, हातात चिमटा घेतलेला शेजारी, काठीवर रेललेला मामा आणि ड्रायव्हरच्या सीटवर अनवाणी मामी, पेडलवर पाय ठेवून इंजिन एका सुरात घुमवत बसलेली. माणूस सज्जन होता. त्याने सगळ्यांना नमस्कार केला, गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून आवाज ऐकला.

"छान. एकदा बंद करून पुन्हा सुरू करून दाखवता का?"



"आत्ता बंद करता येणार नाही," मामा छापील मराठीत म्हणाला. "आधी गरम व्हायला हवी."

"अर्थातच. रोटरी ना," ते गृहस्थ म्हणाले. त्यांना माहीत होतं. मला या माणसाचा क्षणभर फार राग आला, कारण त्याला सगळं माहीत होतं.

मामाने मला डोळ्यांनी खूण केली. आता ती चालवून आणायची. मामीला सीट सोडायची होती, पण माझा पाय पेडलवर येईपर्यंत ती आपला काढेना. एका दारातून ती अर्धी बाहेर आणि मी अर्धी आत, अशा अवस्थेत आम्ही पाय बदलले. मामा बाजूच्या सीटवर बसला. मामी पाहुण्यांना "या, ओटीवर बसा, श्रीखंड आहे" म्हणत होती तेव्हा आम्ही फाटकाबाहेर पडलो होतो.

निर्मळला मी विचारलं, "वळू?" मामा म्हणाला, "पुढे." आगाशीला विचारलं. "पुढे." असं करत अर्नाळ्यापर्यंत गेलो. होड्यांना झेंडू बांधले होते, काठ्यांवर बोंबील वाळत होते. किनाऱ्यापाशी मी गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं. समोर पाण्यात किल्ला. गाडी आता शिवणयंत्रासारखी एका सुरात चालत होती.

"तो माणूस चांगला आहे," मामा म्हणाला. आता तो आमच्या बोलीत बोलत होता, गाडीविषयी असूनही. "गाडीची नीट काळजी घेईल. कापडाने झाकून ठेवेल."

मी आरसा सारखा केला.

"झाकूनच ठेवेल," मामा म्हणाला.

"मामा, माझा पाय नाचला. माझी चूक."

"तुझी चूक नाही, बाय. तू रविवारची. हिला रोजचा पाय लागतो." त्याने उजवा हात उजव्या गुडघ्यावर ठेवला, झोपलेल्या मुलावर ठेवावा तसा. "चल. पाहुणे वाट बघत असतील."

आम्ही परत आलो तेव्हा पाहुण्यांचं श्रीखंड खाऊन झालं होतं आणि ते मामीच्या शिवणयंत्राजवळ उभे राहून त्याचं पायडल बघत होते. मामाने गाडी बंद करायला सांगितली. आता करायला हरकत नव्हती. तो काठी टेकत पुढे झाला आणि किल्ली त्यांच्यापुढे धरली.

ते गृहस्थ हसले. "कशाला? वहिनींनी नाही म्हटलं."

मामाने मामीकडे पाहिलं. मामी वाट्या गोळा करत होती.

"मी विचारलं, मग गाडी सुरू कोण करणार," पाहुणे म्हणाले. "तर म्हणाल्या, मघाशी मीच केली ना, तुम्ही धुरात होतात."

"मी बोलले होते, दुसऱ्या कुणाच्या पायाने सुरू झाली तर राहू दे," मामी वाट्यांकडे बघतच म्हणाली. "झाली. तो पाय माझा निघाला, त्याला आता काय करणार." मग मामाकडे वळून, "अंगणाबाहेर ती नेईल, तिच्याकडे लायसन आहे. तुम्ही बाजूला बसायचं. विहिरीकडे तोंड करून गाडी लावायची नाही."

"नाही लावणार," मामा म्हणाला.

पाहुण्यांना मामीने आपट्याचं पान दिलं, सोनं घ्या म्हणाली. पुण्याहून गाडी न्यायला आलेला माणूस एक पान घेऊन गेला. फाटकापर्यंत त्याला सोडायला गेले तेव्हा तो मला म्हणाला, दिवाळीला फोन करेन, सवयीने. मी म्हटलं, करा.

पुढच्या रविवारी मी स्कूटरने गिरीजला पोचले तेव्हा गल्लीच्या तोंडापासूनच तो आवाज ऐकू आला. आत आले तर गाडीच्या दाराशी मामीच्या चपला जोडून ठेवलेल्या. मामी सीटवर ताठ बसलेली, डोळे समोर केळींकडे. बाजूच्या सीटवर मामा, दोन्ही हात मांडीवर, तोंड बंद. ती रोज सकाळी अशी सुरू करते म्हणे, आणि त्याला बोलायची परवानगी नसते.

"आले मी," मी म्हटलं. "सरक, चक्कर मारून आणते."

"थांब, गरम व्हायचीय." मामीने पेडल जराजरासं सोडलं, आवाज उतरला. "आणि तुझी केळी ओटीवर ठेवलीत. आधी ती कर."

मी चपला काढल्या, तिच्या चपलांशेजारी ठेवल्या आणि ओटीवर जाऊन बसले. पहिलं केळं कोंबड्यांना गेलं.